वाचक विचारतात : चाळीस हजारांपायी ठेवून घेतलेलं पोरगं

(कामगार खात्यात तीस वर्षं निरीक्षक म्हणून काम करून निवृत्त झालेल्या सोलापूरच्या ताई या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : ताई, मी पंढरपूर तालुक्यातला शेतकरी. चार एकर ऊस आहे. माझ्या बांधाला बीडकडच्या ऊसतोड टोळीच्या दहा-बारा कोप्या (झोपड्या) पडल्यात. त्यातली एक जोडी गेल्या आठवड्यात गावी गेली, बाईचा बाप वारला म्हणून. टोळी आणणाऱ्या मुकादमाने जाऊ दिलं, पण त्यांचं चौदा वर्षांचं पोरगं ठेवून घेतलं. अंगावर अजून चाळीस हजार उचल (आगाऊ घेतलेले पैसे) आहे, ती फिटेपर्यंत पोरगं मोळ्या बांधेल म्हणतो. पोराचा मोबाईलही त्याच्याकडेच आहे. पोरगं सकाळी आमच्या बोअरवर पाण्याला येतं, बोलत नाही. मुकादम तसा वाईट नाही, त्यानेही दुसऱ्याकडून घेऊनच उचल वाटलीय. मी मध्ये पडलो तर टोळी उठेल आणि ऊस फडातच वाळेल. हा त्यांच्यातला पैशाचा व्यवहार समजून गप्प बसावं का?

उत्तर : भाऊ, गप्प बसायचं असतं तर तुम्ही दोन पानी पत्र लिहिलं नसतं.

आधी व्यवहाराचंच बोलू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला ३६६ रुपयांवर गेला. चांगला चालता कोयता, म्हणजे नवरा-बायको मिळून, दिवसाला दोन टन तोडतो असं धरा. लाखाची उचल असेल तर ती फेडायला २७३ टन ऊस पाडावा लागतो, म्हणजे साडेचार महिने एकही खाडा न करता. हंगाम हल्ली तितका चालतो का, हे तुम्ही मला सांगा. त्यात आजारपण, पावसाने बसलेले दिवस आणि वरखर्चीला आठवड्याला उचललेले पैसे. वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकून सुटतात ते चहा-मिठाला जातात. मग बाकी राहणार नाही तर काय? ती पुढच्या हंगामाच्या उचलीत मिसळते आणि माणूस पुन्हा त्याच मुकादमाकडे येतो. तोडणारा आळशी किंवा लबाड म्हणून चाळीस हजार राहिलेत असं समजू नका.

मुकादमाचंही खरं आहे. कारखान्याचा पैसा वाहतूक ठेकेदाराकडे, म्हणजे ट्रॅक्टरमालकाकडे, त्याच्याकडून मुकादमाकडे, मुकादमाकडून कोयत्याकडे. टोळी आलीच नाही म्हणून बुडालेले ट्रॅक्टरमालक आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहेत, ‘मुकादमाने फसवलं’ अशा फिर्यादी पोलीस ठाण्यांत दर हंगामाला पडतात. उचल देणं-घेणं हा गुन्हा नाही. पण त्या पैशापायी माणसाला जागचं हलू द्यायचं नाही, त्याच्या पोराला राबवून वसुली करायची, ही वेठबिगारी झाली. ती आपल्याकडे १९७६ च्या कायद्याने बंद आहे. त्या कायद्यातली एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही : असं कर्ज माफ करावं लागत नाही, ते कायद्यानेच संपतं. शिवाय ‘हे वेठबिगारीचं कर्ज नाही’ हे सिद्ध करायचं ओझं पैसे देणाऱ्यावर असतं, घेणाऱ्यावर नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला कामासाठी असं बांधून ठेवलं तर बाल न्याय कायद्याने पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी वेगळीच.

तुम्ही म्हणाल, आई-बाप आपण होऊनच त्याला ठेवून गेले. मीही एकेकाळी हेच म्हणायचे, आणि ते अजून सलतं. नव्वदच्या दशकात सोलापूरजवळच्या एका वीटभट्टीवर तपासणीला गेले होते. मालकाने खुर्ची दिली, चहा दिला. समोर एक जोडपं उभं केलं. मी मालकाच्या देखतच विचारलं, “इथे स्वखुशीने आहात ना?” दोघांनी मान डोलावली. मी फॉर्मवर ‘स्वखुशीने’ असं लिहून सही ठोकली. निघताना ती बाई माझ्या जीपपर्यंत आली, दार धरून उभी राहिली आणि काही न बोलता परत गेली. पुढच्या तपासणीला जोडपं तिथे नव्हतं. कुठे गेलं ते कळायला माझ्याकडे ना त्यांच्या गावाचा पत्ता होता, ना पूर्ण नावं. मी विचारायला हवं होतं ते वेगळंच : आज संध्याकाळी गावी जायचं म्हटलं तर जाऊ देतील का? आता तर भारतीय न्याय संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू आहे, कलम १४३ मध्ये साफ लिहिलंय की माणसाच्या अपव्यापाराचा (मानवी तस्करीचा) गुन्हा ठरवताना त्याची संमती होती की नव्हती हे बघायचंच नाही. फसवून, धाकाने किंवा आमिषाने माणूस नेणं, आणणं, ठेवून घेणं, सगळं त्यात येतं. अपव्यापार म्हटलं की आपल्याला फक्त कुंटणखाना आठवतो. उसाच्या फडातलं आपल्याला दिसत नाही, कारण ते रोजच बघतो.

आता करायचं काय. मुकादमाशी वाद घालायला एकटे जाऊ नका, नाहीतर रातोरात पोरगं दुसऱ्या टोळीत जाईल. १०९८ वर फोन करा, ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे. त्याच दिवशी प्रांताधिकाऱ्यांकडे किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात साध्या कागदावर अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात ‘वेठबिगार’ हा शब्द लिहाच. ‘मजुराची तक्रार’ असं लिहिलं तर कागद वेगळ्या टेबलावर जातो आणि तिथेच राहतो, हे मी आतून बघितलंय. सुटका झाली की मुक्ततेचं प्रमाणपत्र मागा. केंद्राच्या योजनेत सुटलेल्या पुरुषाला एक लाख, बाईला आणि मुलाला दोन लाख ठरलेत. तातडीची मदत लवकर मिळते, मोठी रक्कम मात्र खटल्याच्या निकालाशी बांधलेली आहे. म्हणून आई-बापांना आजच आशेला लावू नका.

तुमच्या उसाचं म्हणाल तर टोळी उठू शकते, खोटं कशाला सांगू. तोडणीची तारीख उलटली तर कारखान्याच्या शेतकी कार्यालयात तोडीची चिठ्ठी बदलून मागा, दुसरी टोळी मिळेपर्यंत आठ-पंधरा दिवस जातील. वजनात थोडी घट येईल. आणि हो, पत्रावर गाव लिहिलेलं नाही. मला नको, पण अर्जात गट नंबर घाला, कोप्या नेमक्या कुठे आहेत ते कळेल.

प्रश्न : ताई, मी विडी घरकुलात राहते, विड्या वळते. हे पत्र शेजारच्या पोरीकडून लिहून घेतलंय. माझ्या मुलाचा कॉम्प्युटरचा डिप्लोमा झाला, पुण्यात दोन वर्षं बारा हजारांवर काम केलं. आता एक एजंट म्हणतो, थायलंडमध्ये डेटा एन्ट्री, महिना सत्तर हजार. आमच्याकडून एक रुपया घेत नाही, तिकीटसुद्धा कंपनी काढणार. पैसेच घेत नाही तर फसवणार कसा? पाठवू का?

उत्तर : अक्का, पैसे घेत नाही म्हणूनच मला भीती वाटते. तिकीट काढणारा ते पैसे कुठून तरी वसूल करणारच. वरच्या पत्रातली उचलच ही, फक्त विमानाची.

२०२२ पासून आपलं परराष्ट्र खातं या नोकऱ्यांबद्दल सावध करतंय. मुलाला बँकॉकला उतरवतात, तिथून गाडीने सरहद्दीवरच्या माए सोत गावाला नेतात आणि मोएई नदी ओलांडून म्यानमारच्या म्यावाड्डीत. तिथे कुंपणाच्या आत इमारती, दारावर बंदुका. पासपोर्ट काढून घेतात. काम काय, तर खोट्या नावाने बायका-पुरुषांशी मोबाईलवर गोड बोलायचं आणि त्यांची बचत खोट्या गुंतवणुकीत घालायला लावायची. नाही म्हटलं तर मारहाण, सुटायचं म्हटलं तर घरच्यांकडून डॉलरमध्ये पैसे. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी तिथून पाचशेहून जास्त भारतीय परत आणले. शिकलेली, इंग्रजी टाईप करणारी पोरंच त्यांना लागतात. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या बंद पडल्यावर आपल्या पोरांनी शिकावं म्हणून तुमच्यासारख्यांनीच विड्या वळल्या. आता त्या शिक्षणावरच डोळा ठेवून माणसं येतायत.

एजंटाला सरकारी नोंदणी क्रमांक विचारा आणि मुलाला तो ई-मायग्रेट या परदेशी नोकरीसाठीच्या सरकारी संकेतस्थळावर तपासायला सांगा. खरा एजंट तीस हजार आणि वर कर एवढी फी पावती देऊन घेऊ शकतो, म्हणजे फुकट नेणारा खरा आणि पैसे घेणारा खोटा असं काही नाही. घरून निघायच्या आधी कामाचा व्हिसा हातात हवा. ‘पर्यटक म्हणून चल, तिकडे गेल्यावर बदलू’ म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा. शंका असेल तर परदेशी नोकरीबद्दलचा सरकारी फुकट नंबर १८००-११-३०९० आहे.

मुलगा रागावेल. माझा भाचाही रागावला होता, दोन महिने बोलला नाही.

प्रश्न : आमच्या चौकातल्या चायनीजच्या गाड्यावर बारा-तेरा वर्षांचा नेपाळी मुलगा रात्री एकपर्यंत भांडी घासतो. तो नेपाळचा आहे, मग आपला कायदा त्याला लागू होतो का? मालक म्हणतो, पुतण्या आहे.

उत्तर : लागू होतो. मूल कुठल्या देशाचं हे कायदा विचारत नाही, चौदाखालच्याला गाड्यावर कामाला लावायचं नाही म्हणजे नाही. नात्यातलं मूल घरच्या धंद्यात मदत करू शकतं ते शाळा सुटल्यावर. हा शाळेत जातो का, ते पहिलं विचारायचं. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी माणूस पासपोर्टशिवाय सरहद्द ओलांडतो, त्यामुळे त्याच्यापाशी कागद नसले म्हणून तो चोरून आला असं होत नाही. आणि कागद नसल्यामुळेच तो पुतण्या आहे की कुणी आणून सोडलाय हे तुम्हा-आम्हाला ठरवता येत नाही. ते बालकल्याण समिती ठरवेल, मुलाला तिच्यापुढे चोवीस तासांत न्यावंच लागतं.

१०९८ वर कळवा. मालकासमोर मुलाला काही विचारू नका, मी केलेली चूक वर लिहिलीच आहे. आणि फोन करताना गाडा किती वाजता लागतो ते नक्की सांगा. मदतवाहिनीची माणसं दुपारी येतात आणि रिकामा फुटपाथ बघून परत जातात.