सीरम इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये (रक्तातली प्रथिनं वेगळी करून त्यांचा आलेख काढणारी तपासणी) एम स्पाइक दिसला, म्हणजे मल्टिपल मायलोमाच (प्लाझ्मा पेशींचा कर्करोग) का?

नाही, लगेच तसं म्हणता येत नाही.

प्लाझ्मा पेशी अस्थिमज्जेत राहून अँटिबॉडी बनवतात. हजारो प्रकारच्या पेशी, हजारो प्रकारच्या अँटिबॉडी. म्हणून आलेखात गॅमा भागात पसरट उंचवटा दिसतो. त्यांतली एकच पेशी बेसुमार वाढली की तिच्या सगळ्या पिल्लावळीची अँटिबॉडी हुबेहूब सारखी असते आणि तिथे अरुंद सुळका उभा राहतो. तोच एम स्पाइक.

ही एकसारखी अँटिबॉडी, म्हणजे एम प्रोटीन, 3 ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी, मज्जेत अशा पेशी 10 टक्क्यांपेक्षा कमी आणि शरीराला इजा नाही, तर त्याला एमजीयूएस म्हणतात, म्हणजे एम प्रोटीन आहे पण आजार नाही अशी अवस्था. पन्नाशीपुढच्या साधारण 3 टक्के लोकांत तो सापडतो. त्यातून दरवर्षी जेमतेम 1 टक्का लोकांना मायलोमा किंवा तत्सम आजार होतो. औषध नाही, ठरावीक काळाने तपासणी, बस्स.

मायलोमा ठरवताना कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं), हिमोग्लोबिन आणि हाडं बघतात. नुसत्या सुळक्याच्या उंचीवर जाऊ नका. काही रुग्णांत पेशी फक्त लाइट चेन, म्हणजे अँटिबॉडीचा छोटा भाग, बनवतात, मग सुळका दिसतही नाही! लघवीची साधी पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन पकडते, या चेन तिच्यातून निसटतात. म्हणून सुट्या लाइट चेन मोजणारी फ्री लाइट चेन आणि एम प्रोटीनचा प्रकार ओळखणारी इम्युनोफिक्सेशन या तपासण्याही लागतात.

रिपोर्ट घेऊन हिमॅटोलॉजिस्टकडे (रक्तविकारतज्ज्ञाकडे) जा. पाठीत सतत दुखत असेल किंवा क्रिएटिनिन वाढलं असेल, तर याच आठवड्यात.