डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं रंगवण्याच्या खेळात माझ्या क्लेरिकला कोरीव मण्यांची जपमाळ स्वतः बनवता येईल का?

येईल, आणि बनवाच. तुम्ही लिहिलंय की तुमची क्लेरिक, म्हणजे देवाच्या कृपेनं मंत्र टाकणारं पात्र, सातव्या लेव्हलला आहे, तिनं लाकडाचे मणी कोरून स्वतःची माळ करावी अशी तुमची इच्छा आहे, पण डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे) म्हणतात 'नेकलेस ऑफ प्रेयर बीड्स' ही जादूची जपमाळ खजिन्यात सापडेल तेव्हा घ्या. मी ठाण्यात आठ वर्षं शनिवारचं टेबल चालवतोय आणि अशी माळ माझ्या टेबलावर एका मैत्रिणीच्या क्लेरिकनं घडवली आहे. त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

पाचव्या आवृत्तीतली माळ अशी आहे: दुर्मिळ वस्तू, अट्यूनमेंट, म्हणजे वस्तूशी जादूचं नातं जोडणं, फक्त क्लेरिक, ड्रुइड (निसर्गाचा पुजारी) किंवा पॅलाडिनला (देवासाठी लढणारा योद्धा). तिच्यात ३ ते ६ जादूचे मणी असतात, बाकीचे साधे. कुठला मणी काय करतो ते डीएम ठरवतात किंवा २० बाजूंच्या फाशावर सोडतात. फासा टाकला तर ६० टक्के वेळा ब्लेसिंग (आशीर्वाद) किंवा क्युरिंग (बरं करणं) येतं, २० टक्के वेळा फेवर, म्हणजे ग्रेटर रिस्टोरेशन हा शाप-व्याधी उतरवणारा मंत्र. स्मायटिंग (प्रहार) १० टक्के, तर समन्स (मदतनीस बोलावणं) आणि विंड वॉकिंग (वाऱ्यावरून जाणं) प्रत्येकी ५ टक्के. मणी बोनस अॅक्शनमध्ये, म्हणजे आपल्या पाळीत मिळणाऱ्या जादा छोट्या कृतीत, वापरायचा, आणि एकदा वापरला की दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत तो रिकामा.

सापडलेल्या माळेला फासा ठीक आहे. पण जिनं महिना-दीड महिना बसून मणी कोरले, तिला कुठल्या मण्यात काय आहे हे कळण्यासाठी फासा टाकावा लागावा, हे मला पटत नाही. तुमच्या डीएमना पहिली विनंती हीच करा की फासा बाजूला ठेवू आणि मणी एकेक करून ठरवू.

आता हिशोब. २०१४च्या डीएम गाइड या नियमपुस्तकाप्रमाणे दुर्मिळ वस्तूला ५,००० सोन्याची नाणी लागतात आणि दिवसाला २५ या वेगानं एकट्या माणसाला २०० दिवस. कुठल्याच कॅम्पेनमध्ये (सलग चालणाऱ्या कथेत) एवढी उसंत मिळत नाही. २०१७च्या झॅनाथार्स गाइड या पुरवणी पुस्तकानं ते २,००० नाणी आणि १० कामाचे आठवडे, म्हणजे ५० दिवस, इतकं खाली आणलं. २०२४च्या नियमांतही तेवढेच आहेत. आणि इथे एक फार सुंदर योग जुळतो. जादूचे मणी अॅक्वामरीन, काळा मोती किंवा पुष्कराज यांचे असतात असं वर्णनात म्हटलंय, आणि २०१४च्या रत्नांच्या तक्त्यात या तिन्हींची किंमत प्रत्येकी ५०० नाणी आहे. म्हणजे २,००० नाण्यांत बरोबर चार मणी. आम्ही चारच धरले. प्रत्येक मण्याला १२ दिवस आणि शेवटचे दोन दिवस ओवायला. ५० भरले.

खरी अडचण स्पेलची आहे. २०२४च्या नियमाप्रमाणे वस्तूतून जो स्पेल (मंत्र) टाकता येतो, तो बनवणाऱ्याकडे कामाच्या प्रत्येक दिवशी तयार असावा लागतो. सातव्या लेव्हलच्या क्लेरिकला ब्लेसिंग आणि क्युरिंग सहज जमतील. ग्रेटर रिस्टोरेशन नवव्या लेव्हलला येईल, समन्ससाठी लागणारा प्लॅनर अलाय अकराव्याला. बरेच जण इथेच नाद सोडतात. मला मात्र यातच माळेची सगळी गंमत दिसते. आज दोन मणी करा, नवव्या लेव्हलला तिसरा, अकराव्याला चौथा. तुमच्याबरोबर पॅलाडिन असेल तर स्मायटिंगचा मणी त्याच्या शेजारी बसून करता येईल. समन्सचा मणी आम्ही मेरुमणी म्हणून ठेवला. जप करताना आपण मेरू ओलांडत नाही, तिथून माळ फिरवतो. त्या क्लेरिकनंही ठरवलं होतं की बाकी तिन्ही मणी रिकामे झाल्याशिवाय मेरूला हात लावायचा नाही. पुस्तकात असा नियम नाही, पण तिनं तो शेवटपर्यंत पाळला.

लाकूड की रत्न? दोन्ही. १५००च्या सुमारास नेदरलँड्समध्ये बॉक्सवुड या अतिशय घट्ट रेषेच्या लाकडातून प्रार्थनेचे मणी कोरत असत. मुठीत मावणारा गोल, बिजागरीवर दोन अर्ध्यांत उघडणारा, आणि आत येशूच्या आयुष्यातले प्रसंग एवढे बारीक की माणसांचे चेहरे दाण्याएवढे. अॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये ते आहेत, फोटो अवश्य पाहा. मी ते पाहिले त्याच दिवशी आमच्या माळेचा आराखडा ठरला: बाहेरून लाकडाचा मणी, आत कोरलेला एक प्रसंग आणि त्या प्रसंगाच्या मधोमध बसवलेलं रत्न. मणी तळहातावर उघडणं हीच बोनस अॅक्शन. वापरल्यावर रत्न काळवंडतं आणि पहाटे पुन्हा उजळतं. नियमात काडीचाही बदल नाही. अवजारंही दोन लागतात: वुडकार्व्हर्स टूल्स १ नाण्याला, ज्वेलर्स टूल्स २५ नाण्यांना.

झॅनाथार्स गाइडप्रमाणे दुर्मिळ वस्तूच्या घटकासाठी ९ ते १२ चॅलेंज रेटिंगच्या (किती अवघड ते सांगणारा आकडा) प्राण्याशी गाठ पडावी लागते. ट्रींटचं रेटिंग ९ आहे. तो चालणारा, बोलणारा आणि मनानं चांगला वृक्ष. त्याला मारून लाकूड आणू नका. आमच्या क्लेरिकनं तीन दिवस त्याच्या मुळाशी बसून वादळात मोडलेली एक फांदी मागितली, आणि मी ती गाठ म्हणून मान्य केली. त्या सेशनमध्ये तलवार म्यानातून निघालीच नाही.

मैत्रिणीनं त्या आठवड्यात घरच्या वाळलेल्या तुळशीच्या खोडाचा खरा मणी करून पाहिला. आधी कोरला, मग गिरमिटानं भोक पाडायला गेली आणि मणी रेषेवरून उभा चिरला. दुसऱ्याला तिनं आधी भोक पाडलं, मग कोरलं, आणि तो टिकला. दोन्ही मणी तिनं टेबलावर ठेवले. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक मण्याला आधी भोकाची चेक (जमलं का ते फाशानं पाहणं) आणि मग कोरण्याची. चेक चुकली तर मणी जात नाही, तीन दिवस जास्त लागतात. पुस्तकात ही चेक नाही, पण तुम्ही ठेवा असं मी आग्रहानं सांगेन, कारण तिच्यामुळे ५० दिवस हा नुसता आकडा राहत नाही.

आत काय कोरायचं हे सगळ्यात महत्त्वाचं. तिची क्लेरिक इल्मेटरची, म्हणजे दुसऱ्याचं दुःख स्वतःवर घेणाऱ्या देवाची. ब्लेसिंगच्या मण्यात तिनं त्याचं चिन्ह कोरलं, लाल दोरीनं बांधलेले दोन हात. क्युरिंगच्या मण्यात मात्र एक कंदील. कॅम्पेनच्या सुरुवातीला आमचा ड्वार्फ एका खाणीत घूल या मुडदे खाणाऱ्या राक्षसाच्या नखांनी लुळा पडून जखडला गेला होता. क्युरिंगच्या मण्यातून टाकता येतो त्या लेसर रिस्टोरेशन मंत्रानं तो सुटला असता, पण तिचा शेवटचा स्लॉट (मंत्र टाकण्याची संधी) आधीच्या खोलीत खर्च झाला होता. तो तिथेच गेला आणि त्याचा कंदील तिनं उचलून आणला. दीड वर्षानं दुसऱ्या एका तळघरात आमचा रोग (Rogue, म्हणजे चोरटं, चपळ पात्र) तसाच जखडला गेला. तिनं फासा उचलला नाही, कॅरेक्टर शीटही पाहिली नाही. डावा तळहात टेबलावर उघडला आणि म्हणाली, "कंदील उघडते." ड्वार्फ खेळणारा मित्र शेजारीच बसला होता, आता तोच रोग खेळत होता. पुढची काही मिनिटं आम्ही कुणी टर्न पुढे नेला नाही.

डीएमशी बोलताना "मला ही वस्तू हवी" असं म्हणू नका. चार मण्यांची यादी कागदावर लिहून न्या: कुठला मणी, कुठल्या लेव्हलला, आत कुठला प्रसंग. दोन मणी भरा आणि दोन कोरे ठेवा, म्हणजे त्यांना पुढच्या सेशन्समध्ये भर घालायला जागा मिळेल. माळेच्या मोबदल्यात काही अडचणीही मान्य करा. झॅनाथार्स गाइडमध्ये दर पाच आठवड्यांना १० टक्के शक्यता गुंतागुंतीची आहे. आमच्याकडे दुसऱ्या मण्याच्या वेळी अवजारं चोरीला गेली आणि ती परत मिळवण्यात दोन शनिवार गेले. आणि साध्या मण्यांना विसरू नका. ते अंबर, पोवळं, स्फटिक असे काहीही चालतात, त्यांची भर सोबत्यांना घालू द्या. आमच्या माळेतला एक साधा मणी रोगनं दिलाय, तो कुठून आणला हे त्यानं अजून सांगितलेलं नाही.