कर्ज आधी फेडताना

सोलापूर

चि.स अनेक आशीर्वाद.

जुळे सोलापुरातल्या फ्लॅटचं कर्ज मुदतीआधी फेडायचं तर ‘दोन टक्के चार्ज पडेल’ असं शाखेतून तोंडी सांगितलं, एवढ्यावर विश्वास ठेवू नकोस. सँक्शन लेटर (कर्जाचं मंजुरीपत्र) काढ आणि व्याजदर फ्लोटिंग (बदलता) आहे की फिक्स्ड (ठरलेला) ते बघ. व्यक्तीच्या नावावरच्या फ्लोटिंग गृहकर्जावर बँकेला हा चार्ज लावता येत नाही; रिझर्व्ह बँकेने तो जून 2012 मध्येच बंद केला. 1 जानेवारी 2026 पासून मंजूर झालेल्या कर्जांना तर पैसे कुठून आणले ही अटही नाही आणि लॉक-इनही, म्हणजे ठरावीक काळ कर्ज फेडता न येण्याची अटही, नाही. दुसऱ्या बँकेत कर्ज हलवलं तरी तेच.

गोची असते ती सुरुवातीची दोन-तीन वर्षं फिक्स्ड आणि मग फ्लोटिंग, अशा कर्जात. तिथे नव्या नियमानुसार पैसे भरायच्या दिवशी कोणता दर चालू आहे ते बघतात. फिक्स्ड असेल तर करारात लिहिलेला चार्ज बसतो: 10 लाखांवर 2 टक्के म्हणजे 20,000, वर 18 टक्के जीएसटी 3,600. फ्लोटिंग सुरू व्हायला चारच महिने उरले असतील तर थांब. साडेआठ टक्क्यांनी चार महिन्यांचं व्याज 28,000 च्या पुढे जाईल, पण तेच पैसे 6 टक्क्यांच्या एफडीत 20,000 देतील. तोटा आठ हजारांचा, चार्ज वाचला 23,600.

(कर्ज पतसंस्थेचं असेल तर हे नियम विसर. ती रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत नाही, तिथे करारच वाच.)

खरं नुकसान मात्र चार्जपेक्षा भलतीकडेच होतं. ऑनलाइन भरलेली जादा रक्कम काही वेळा मुद्दलात न जाता पुढच्या हप्त्यांसाठी ॲडव्हान्स म्हणून पडून राहते. म्हणून अर्जात स्पष्ट लिही: ‘रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी.’ पोच घे, आठवड्याने नवं हप्त्यांचं वेळापत्रक माग. 20 लाख, साडेआठ टक्के, 20 वर्षं, हप्ता 17,356. सुरुवातीलाच 2 लाख भरून मुदत घटवली तर 52 हप्ते कमी होतात, व्याज सात लाखांच्या आसपास वाचतं. मुदत तीच ठेवून हप्ता घटवला तर जेमतेम 2 लाख 17 हजार. तरी सहा हप्त्यांइतकी रक्कम हाताशी ठेव. सगळं बँकेत ओतून मग सोनं गहाण टाकायला जाऊ नकोस.

पूर्ण फेडताना फोरक्लोजर स्टेटमेंट (कर्ज बंद करायला लागणारी एकूण रक्कम दाखवणारं पत्रक) ठरावीक तारखेचं माग. साडेआठ टक्क्यांनी 10 लाख बाकीवर रोज 233 रुपये व्याज चढतं, त्यामुळे तारीख उलटली की आकडा चुकतो आणि दोन-अडीचशेसाठी खातं उघडं राहतं. नियमबाह्य चार्ज दिसला तर त्याचं कारण लेखी माग. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार कर. चौकशीसाठी नंबर 14448, तक्रारीला फी नाही.

खातं बंद झाल्यावर मूळ कागदपत्रं 30 दिवसांत मिळाली पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. नो-ड्यूज पत्र (बाकी नसल्याचं पत्र) आल्यावर एनएसीएच मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची दिलेली परवानगी, रद्द कर, नाहीतर पुढचा हप्ता पुन्हा कापला जातो. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर बोजा चढवला असेल तर बँकेचं पत्र घेऊन तलाठी किंवा सिटी सर्व्हे कार्यालयात स्वतः जा. तो आपोआप उतरत नाही.