आधी त्यांनी बोलावे

नाशिक

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

सातपूरच्या कारखान्यात तुझ्या हाताखाली आलेल्या मुलांशी जात आणि प्रांत या विषयांवर मोकळेपणाने बोलायचे आहे, पण सुरुवात कुठून करावी हे उमगत नाही, असे तू लिहिलेस. "आमच्यात जातपात कोणी मानत नाही" या वाक्याने चर्चा सुरू झाली की ती तिथेच संपली असे समज; ज्याला जातीची झळ कधी लागली नाही, त्याला हे वाक्य फार सहज सुचते.

म्हणून मुलांची मते विचारण्यापेक्षा घडलेले विचार. खोली भाड्याने देताना घरमालकाने आडनाव ऐकल्यावर पुन्हा गाव आणि वाडा का विचारला, जेवणाच्या सुट्टीत कोणाच्या डब्यातली भाजी सगळे मागून घेतात आणि कोणाचा डबा एकट्याने संपतो, सुरगाणा-पेठकडच्या कोकणा आदिवासी मुलाच्या बोलीची नक्कल कोण करतो, बिहारच्या कामगाराला नावाने हाक का मारली जात नाही, हे विचारले की गुळमुळीत उत्तर देता येत नाही. मात्र दलित किंवा आदिवासी मुलाला सर्वांसमोर उभे करून "तुझा अनुभव सांग" असे म्हणू नकोस. त्याला वाटेल तेव्हा तो बोलेल. ज्यांना आडनावावरून कोणी दारातून परत पाठवले नाही, त्यांनी आधी बोलावे.

उदाहरणांसाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. पंचवटीतील काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षे नेटाने लढवला, तरी दरवाजे उघडले नाहीत; आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. यावर "जुनी मढी कशाला उकरता?" असे कोणीतरी म्हणेलच. (हमखास म्हणतो.) त्याच्याशी वाद न घालता, या सत्याग्रहाविषयी घरात कोणाच्या तोंडून काही ऐकले आहे का, एवढेच त्याला आणि त्याच्या शेजारी बसलेल्यालाही विचार. एका घरात आजोबांपासून चालत आलेली आठवण दुसऱ्या घराच्या कानावरही गेलेली नसते, हे त्यांना एकमेकांकडूनच कळू दे.

आरक्षणाचा विषय निघेल. तो टाळू नकोस, पण पहिल्याच दिवशी हाती घेऊ नकोस. आणि बैठकीपूर्वी कामाच्या पाळ्यांचे रजिस्टर नीट पाहून ठेव, कारण साफसफाई दर वेळी त्याच दोघांच्या वाट्याला का येते, असे तुलाच कोणीतरी विचारील.

तुझा हितचिंतक