नेपाळहून लाकूड तोडायला खुकरी आणायची आहे. सिरुपाते, भोजपुरे की आंगखोला?

तुम्ही लिहिलंय की पूर्व नेपाळात ट्रेकला जाताय आणि येताना शेतावरच्या कामासाठी, म्हणजे बाभळी-सुबाभळीच्या फांद्या तोडायला आणि सरपण करायला, एक खुकरी आणायची आहे. नावं वाचून गोंधळ झालाय. आधी थेट उत्तर देतो: साधारण 10 इंच पात्याची, सहाशे ते सातशे ग्रॅम वजनाची, साधी भोजपुरे घ्या. पण नुसतं नाव सांगून तुम्हाला दुकानात पाठवलं तर फसाल, म्हणून पुढचं सगळं सांगतो.

मी अरुण नदीच्या खोऱ्यात, संखुवासभा आणि भोजपूर जिल्ह्यांत, दोन वर्षं सर्वेक्षणाच्या कामावर होतो. दुर्बिणीतून पुढचा दांडा दिसायचा तर मधलं रान तोडावंच लागतं. निगालोचं, म्हणजे बारीक बांबूचं बेट, उत्तिसच्या झाडाच्या कोवळ्या फांद्या, कटुसची टणक लाकडं, आणि चिलाउने. या शेवटच्या झाडाचं नावच मुळी खाज सुटण्यावरून पडलंय. सालीचा भुगा घामेजल्या हाताला लागला की तासभर खाजवत बसायचं. तिथल्या माणसांच्या कमरेला खुकरी नाहीतर खुर्पा असतोच, आपल्या कोकणात आकडीला कोयता असतो तसा. सकाळपासून दुपारपर्यंत तोडातोड चालायची. कुठलं हत्यार हाताला काय करतं, ते तिथे कळलं.

मी काठमांडूत उतरल्या उतरल्या एक सिरुपाते घेतली होती. सिरू नावाच्या गवताच्या पात्यासारखी निमुळती, देखणी, हातात हलकी. आमच्या टोळीतल्या राई दाइंनी (दाइ म्हणजे थोरला भाऊ) ती उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. "यो दाउराको लागि होइन, सर." ही सरपणासाठी नाही. मी ऐकलं नाही. आठवड्याभरात कटुसच्या मनगटाएवढ्या फांदीवर जोरात घाव घातला. पातं खोल शिरलं आणि तिथेच अडकलं. मी ते हलवून, पिळून काढायला गेलो आणि धार एका जागी मुडपली. चूक पात्याची नव्हती. सिरुपाते पातळ आणि सडपातळ, त्यामुळे ती झुडपं, गवत, वेली, ओला बांबू सपासप कापते. जाड लाकडात मात्र ती आत शिरते, पण लाकूड बाजूला सारत नाही.

भोजपुरेचं तसं नाही. तिचं पोट रुंद असतं, वजन मुठीपासून लांब, वाकणाच्या पुढे साठलेलं असतं, आणि पात्याच्या दोन्ही बाजू पाठीकडे जाताना फुगीर होत जातात. घाव बसला की ही फुगीर बाजू पाचरीसारखं काम करते, लाकडाची चिरफळी उडते आणि पातं मोकळं होतं. दोन तिरपे घाव समोरासमोर घातले की खाच पडते. अंगठ्याइतकी सुबाभूळ एका घावात जाईल, मनगटाइतकी पाच-सहा घावांत. फांद्या छाटायला आणि शेकोटीपुरतं सरपण करायला याहून जास्त लागत नाही.

आंगखोलाच्या पाठीलगत, वाकणापाशी, एक रुंद खोलगट पन्हळ असते. नावातला 'खोला' तोच. त्यामुळे पाठ जाड ठेवूनही पात्याचं पोट रुंद करता येतं आणि वजन आटोक्यात राहतं. तोडायला ती जबरदस्त आहे, यात शंका नाही. पण बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच आंगखोला 12 मिलिमीटर जाड पाठीच्या, पाऊण किलोच्या आसपास असतात. पहिली वीस मिनिटं मजा येते, मग खांदा बोलायला लागतो आणि दमलेल्या हाताचा घाव घसरतो. तुमचं काम मुख्यतः जाड ओंडक्यांचं असेल तर कुऱ्हाडच घ्या. नेपाळी माणूसही ओंडके फोडायला बञ्चरोच, म्हणजे कुऱ्हाडच उचलतो.

दुकानात चैनपुरे नावाचा प्रकारही दिसेल. ती भोजपुरेपेक्षा सडपातळ, टोक लांब. चैनपूरची खरी कीर्ती पितळी करुव्यांसाठी, म्हणजे तोटीच्या तांब्यांसाठी आहे. तिथे गेलात तर एक करुवा जरूर आणा. पात्यावर तीन पन्हळी असलेली तीन-चिरा दिसायला सुंदर, पण कामाला साधं पातं बरं.

आता मुख्य गोष्ट. नावापेक्षा पात्याला पाणी कसं दिलंय ते महत्त्वाचं. आपण मराठीत धारेला पाणी देणं म्हणतो, नेपाळीत पाइन हाल्ने म्हणतात. भोजपूरच्या एका आरनमध्ये, म्हणजे लोहाराच्या भात्यावर, मी हे अर्धा दिवस बसून पाहिलं. पोलाद बहुतेक ट्रकच्या कमानपाट्याचं. ठोकून, कानशीने घासून पातं तयार झालं की लोहार ते भट्टीत लाल करतो, बाहेर काढून धार वर करून धरतो, आणि साध्या चहाच्या किटलीने पाण्याची बारीक धार नुसत्या पात्याच्या धारेवर ओढतो. पोटावर जास्त, टोकाकडे आणि मुठीकडे कमी. फस्स आवाज येतो, वाफ उठते. किटली थांबते, तो रंग बघतो, पाठीतली धग धारेकडे किती परत येतेय याचा अंदाज घेतो, परत थोडं ओततो. हे सगळं अर्ध्या मिनिटात. त्यामुळे धार कडक होते आणि पाठ मऊ, चिवट राहते. पूर्ण पातं सारखंच कडक केलं असतं तर गाठीवर घाव बसला की तडकलं असतं.

म्हणून खरेदी करताना खिशात एक छोटी कानस ठेवा आणि दुकानदाराला विचारून पाठीवर आणि पोटाच्या धारेवर अगदी हलकी फिरवून बघा. पाठीवर ती चावली पाहिजे, धारेवर निसटली पाहिजे. दोन्हीकडे सारखीच चावली तर ती भिंतीवर टांगायची वस्तू आहे. काठमांडूच्या थामेल भागातल्या पर्यटकी दुकानांत पितळी सिंहाच्या मुठीच्या, नक्षीदार म्यानाच्या खुकऱ्या असतात. त्या भेट द्यायला ठीक. कामाची खुकरी घ्यायला जमल्यास भोजपूरला जा. धरानही खुकऱ्यांसाठी ओळखलं जातं, आणि तुमच्या वाटेवर ते बहुधा येईलच.

मुठीचे दोन प्रकार. एकात पात्याचं शेपूट मुठीच्या आत जातं आणि लाखेने बसवलेलं असतं. दुसऱ्यात पोलादाची पट्टी मुठीइतकीच रुंद असते आणि दोन्हीकडून लाकडाचे तुकडे रिव्हेट करतात. याला पानावाल म्हणतात. जड कामाला मी पानावाल सांगेन. लाखेची मूठ हाताला कमी झणझणते, हे खरं, पण लाख उष्णतेने मऊ होते. माझी दुसरी खुकरी रात्रभर शेकोटीच्या कडेला राहिली आणि सकाळी मूठ हलायला लागली होती. राई दाइंनी शेपूट तापवून लाख पुन्हा बसवून दिली, दहा मिनिटांचं काम. पण घाव घालताना मूठ सुटली असती तर काय झालं असतं, ते आजही मनात येतं. मूठ शिसवीची घ्या. रेड्याच्या शिंगाची चमकते छान, पण घामाने निसरडी होते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तडकू शकते.

म्यानाबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो, कारण बहुतेक जखमा इथेच होतात. म्यानाला नेपाळीत दाप म्हणतात. दाप म्हणजे लाकडाच्या दोन फळ्यांवर ओढलेलं चामडं, आणि धारेच्या बाजूने ते फाटू शकतं. खुकरी काढताना दाप मुठीत आवळून धरू नका. बोटं पाठीच्या बाजूला ठेवा, धारेच्या बाजूला एकही नको, आणि पात्याची पाठ दापाला घासत सावकाश ओढा.

दापात मागे दोन छोटी पाती असतात. कर्द बारीकसारीक कामाला. चकमक बोथट असते. तिने धारेवर हलका दाब देत ओढलं की मुडपलेली धार सरळ होते. मी त्या सिरुपातेची मुडपलेली जागा शेवटी तिनेच बरीचशी सरळ केली. रोज काम झाल्यावर पातं पुसा, मोहरीचं किंवा शिलाई मशीनचं तेल लावा, आणि पावसाळ्यात पातं दापात ठेवू नका. चामडं ओल धरतं, रात्रीत गंज चढतो.

आणताना विमान असेल तर ती चेक-इन सामानातच टाका. आपल्या शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांत मोडतात. घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. तरी ती शेतावरच ठेवा, गाडीत घेऊन फिरू नका. हा वाद नको असेल तर साडेआठ इंची भोजपुरे सांगून करून घ्या आणि पोटाची रुंदीही 2 इंचांच्या आत ठेवायला सांगा. चार दिवस मुक्काम असेल तर लोहार करून देतो. मनगटाएवढ्या फांदीला दोन-तीन घाव जास्त लागतील, इतकाच फरक.