प्रबंध बाइंडिंगला देण्यापूर्वी
प्रबंध विद्यापीठाच्या नमुन्यात बसवला असला, तरी बाइंडिंगला देण्यापूर्वी आपण वर्डमधील नेव्हिगेशन पेन (शीर्षकांची यादी दाखवणारी बाजूची चौकट) उघडून प्रत्येक प्रकरण व उपशीर्षक तेथे दिसते का, हे अवश्य पाहावे. कारण नुसते ठळक केलेले शीर्षक कागदावर शीर्षकासारखेच दिसते, पण त्याला वर्डमधील हेडिंग शैली (शीर्षकासाठीची तयार मांडणी) लावलेली नसल्यास ते अनुक्रमणिकेत येत नाही. माझे ‘३.२’ हे उपशीर्षक असेच गळले होते आणि मार्गदर्शकांची सही झाल्यावर ते लक्षात आले. अनुक्रमणिकेवर क्लिक करून एफ९ ही कळ दाबल्यावर केवळ पृष्ठक्रमांक नव्हे, तर संपूर्ण अनुक्रमणिका अद्ययावत करण्याचा पर्याय निवडावा. प्रतिज्ञापत्र, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश यांचा क्रम नमुना शेजारी ठेवूनच ताडावा. शोधगंगेसाठी (भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहासाठी) प्रकरणनिहाय स्वतंत्र पीडीएफ लागतात, म्हणून प्रत्येक प्रकरण नव्या पानावर सुरू होते ना, हेही तपासावे.