इम्प्लांट बसवल्यावर दुखत नसेल, तरी कॅपसाठी तीन महिने का थांबायचे?

तुम्ही लिहिले आहे की, वडिलांच्या खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवलेला टायटॅनियमचा स्क्रू, बसवून महिना होत आला, त्यांना काहीही त्रास नाही, तरी डॉक्टर त्यावरच्या कॅपसाठी (कृत्रिम दातासाठी) तीन महिने थांबा म्हणतात. त्यांना मधुमेह आहे आणि खर्‍याची (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची) सवयही सुटलेली नाही. मी नागपुरातच दंतवैद्य आहे आणि तुमच्या डॉक्टरांचे म्हणणे मला योग्य वाटते.

दुखत नाही म्हणजे हाडाने स्क्रू धरला, असे होत नाही. पहिल्या दिवशीची घट्ट पकड केवळ आवळून बसल्याची असते, लाकडातल्या स्क्रूसारखी. ड्रिलिंगने दुखावलेले लगतचे हाड शरीर हळूहळू झिजवून काढते आणि त्या जागी नवे हाड घालते, जे सुरुवातीला कच्चे असते. त्यामुळे साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात जुनी पकड सुटत आलेली आणि नवी पुरती न आलेली, अशी स्थिती असते. नेमके तेव्हाच टाके निघालेले असतात आणि रुग्ण निर्धास्त होतो. या काळात स्क्रू दीडशे मायक्रॉनहून, म्हणजे जेमतेम दोन केसांच्या जाडीहून, अधिक हलत राहिला, तर त्याच्याभोवती हाडाऐवजी मऊ तंतुमय पेशीजाल तयार होते.

काटोलकडच्या माझ्या एका रुग्णाने तिसऱ्या आठवड्यात त्याच बाजूने भाजलेले कणीस खाल्ले होते. दहाव्या आठवड्यात मी स्क्रूवरचे तात्पुरते झाकण उघडू लागले, तर झाकणासोबत स्क्रूच बोटाने फिरला. एक्स-रेमध्ये त्याच्याभोवती बारीक काळी रेघ होती आणि तो काढावाच लागला.

हाड टायटॅनियमला असे धरते, हे स्वीडनचे संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना 1950च्या दशकात अनपेक्षितपणे कळले. सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहण्यासाठी बसवलेली टायटॅनियमची उपकरणे नंतर निघेनात. त्यांनी 1965 मध्ये योस्ता लार्सन यांच्या जबड्यात इम्प्लांट बसवले, आणि 2006 मध्ये लार्सन वारले तेव्हाही ते काम देत होते. ब्रोनेमार्क यांच्या पद्धतीत खालच्या जबड्याला तीन आणि सच्छिद्र हाडाच्या वरच्या जबड्याला सहा महिने देत. आता खडबडीत पृष्ठभागाच्या स्क्रूंमुळे निरोगी रुग्णात सहा ते आठ आठवडेही पुरतात. तुमच्या वडिलांच्या बाबतीत मात्र मीही घाई केली नसती, कारण रक्तातली साखर वाढलेली असली की नवे हाड सावकाश बनते, आणि खर्‍यातल्या तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, शिवाय कडक सुपारीचा दाब थेट त्या जागेवर येतो.

तेव्हा खर्रा आजपासून बंद करायला लावा, जेवण दुसऱ्या बाजूने करू द्या, आणि तीन महिन्यांची साखरेची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी करून तिचा अहवाल कॅपच्या मापाआधी डॉक्टरांना दाखवा.